एक थेंब आणि 21 दिवस

पिट्सबर्ग, 1945. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले आहेत. पोलादाच्या भट्ट्यांचा धूर इतका दाट की सूर्य कुठे आहे ते कळत नाही. तुम्ही कॉलर वर करून फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालत येता आणि लांबूनच खांबांची ती रांग दिसते. चुनखडीच्या अखंड दगडातून घडवलेले 62 खांब. ही मेलन इन्स्टिट्यूट. उद्योगांनी पैसा द्यायचा आणि संशोधकांनी त्यांचे प्रश्न सोडवायचे, ही इथली रीत. तुम्हाला जायचंय तो गट युनियन कार्बाइडच्या पैशावर चालतो. प्रमुख आहेत हेन्री स्माइथ, आणि त्यांच्या जोडीला चार्ल्स कार्पेंटर.

आत शिरलात की आधी वास येतो. ॲसिटोनचा गोडसर, ब्यूटेनॉलचा उग्र, शिवाय अशा कितीतरी द्रवांचा ज्यांना अजून धड बाजारातलं नाव मिळालेलं नाही. इथिलीन आणि प्रॉपिलीनपासून नवनवी रसायनं बनवण्याचा तो काळ आहे. ग्लायकॉल, त्यांचे ईथर, अल्कोहोल, कीटोन. मोटारींच्या लॅकरला, छपाईच्या शाईला, प्लास्टिकला, सगळ्यालाच सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारे द्रव, लागतात. कारखान्यात ते पिंपात भरणारा माणूस असतो, नळी जोडणारा असतो, झाकण उघडून आत डोकावणारा असतो. उडालं आणि डोळ्यात गेलं तर काय होईल, हे त्याला सांगणारं कोणी नाही, कारण ते कोणालाच माहीत नाही.

स्माइथ आणि कार्पेंटर यांना उत्तर लवकर हवंय. एकेका रसायनावर वर्षं घालवायला वेळ नाही, यादी रोज वाढते आहे. म्हणून त्यांनी झटपट अंदाज देणाऱ्या चाचण्यांची एक पद्धत बसवली आहे. पोटात गेलं तर, कातडीला लागलं तर, वाफ श्वासात गेली तर. आणि डोळ्यात गेलं तर.

तुमच्यासमोर पांढरा ससा आहे, गुलाबी डोळ्यांचा. पांढराच का, हे जवळून पाहिल्यावर समजतं. बुबुळात रंगद्रव्य नसल्यामुळे आतली लाली, सूज आणि पडद्यावरचा धुरकटपणा लगेच नजरेत भरतो. डोळा मोठा आणि हाताळायला सोपा. माणसापेक्षा तो पापणी कितीतरी कमी वेळा मिटतो, आणि त्याच्या कोपऱ्यात एक तिसरी पापणीही असते जी आपल्याला नसते. सशाचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे हे या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दुसरा डोळा आणायचा कुठून?

पापण्या दोन बोटांनी उघड्या धरायच्या. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याच्या, बरोबर मध्यावर द्रव सोडायचा. साधारण मिनिटभरानं पापण्या सोडायच्या. सर्वांत लहान मात्रा 0.005 मिलिलिटर. सुईच्या टोकावर लटकणारा हा कण तुम्हाला नीट दिसतसुद्धा नाही. ससा सहसा ओरडत नाही. तो अंग आकसून घेतो, श्वास जोरात चालू होतो, आणि तुमच्या तळव्याला त्याची छाती धडधडताना लागते. तुम्ही हात काढून घेता, पण ते धडधडणं हातात राहतं.

दुसऱ्या दिवशी, 18 ते 24 तासांनी, तुम्ही दिव्याच्या उजेडात वाकून पाहता. मग फ्लुओरेसिन घालता. नारिंगी-पिवळा रंग आहे हा. कॉर्नियाचा वरचा पेशींचा थर शाबूत असेल तर तो वाहून जातो. जिथे पेशी मेल्या असतील तिथे मुरतो आणि हिरवाकंच चमकतो. आता तुम्ही काय पाहिलंत त्याला गुण द्यायचे. किती भाग हिरवा झाला, पडदा किती गढूळ झाला, आयरिस, म्हणजे बुबुळ, दिसतो का.

कॉर्निया ही शरीरातली विलक्षण चीज आहे. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, पण संवेदनेचे तंतू इतके दाट की धुळीचा एक कण गेला तरी माणूस हातातलं काम टाकतो. तिची पारदर्शकता आतल्या कोलॅजनच्या तंतूंच्या काटेकोर रचनेवर टिकलेली असते. सर्वांत आतला पेशींचा थर सतत पाणी बाहेर उपसत असतो, म्हणून ती रचना फुगत नाही. सॉल्व्हंटचा गुणच मुळी स्निग्ध पदार्थ विरघळवण्याचा, आणि पेशीभोवतीचं आवरण स्निग्धच असतं. फक्त वरचा थर गेला तर तो काही दिवसांत भरून येतो. घाव खाली पोचला, तंतूंची घडी विसकटली, आतला उपसा बंद पडला, की पडदा पांढुरका होतो आणि कधी कधी तसाच राहतो. म्हणजे सगळा प्रश्न खोलीचा आहे. द्रव किती खोल उतरला?

मेलन इन्स्टिट्यूटची श्रेणी 1 ते 10. अर्धा मिलिलिटर शुद्ध द्रव घालूनही फार तर लहानसा ठिपका उमटला तर 1. शुद्ध द्रवाच्या 0.005 मिलिलिटरनं गंभीर भाजलं तर 5. आणि पाण्यात किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळलेल्या अवघ्या 1 टक्का द्रावणानं तेवढंच भाजलं तर 10. 1946 साली त्यांनी 180 रसायनांचे असे अंक एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात छापले. तो तक्ता उघडून पाहा. एकेका ओळीत रसायनाचं नाव आणि शेवटी एक आकडा. आकड्यामागे डोळे आहेत, हे तक्त्यात दिसत नाही.

त्या माणसांना क्रूर म्हणणं मला पटत नाही. त्यांच्यापुढे कामगार होते, आणि त्याआधी अशी माहिती मिळायची ती कामगाराचा डोळा गेल्यावर. त्या तक्त्यानं कित्येक डोळे वाचवले असणार. पण सशानंही काही कमी दिलं नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

इथून वॉशिंग्टन फार लांब नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनात जॉन ड्रेझ, जेफ्री वुडर्ड आणि हर्बर्ट कॅल्व्हरी यांनी 1944 मध्ये स्वतःची पद्धत छापली आहे. त्यामागे 1933 चं एक प्रकरण आहे. लॅश ल्यूर नावाचा पापण्या काळ्या करणारा रंग बाजारात होता. त्यानं बायकांचे डोळे सुजले, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. अशा मालावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला तेव्हा नव्हता. तो मिळाला 1938 च्या कायद्यानं, आणि कायदा आला की मोजमाप लागतंच. ड्रेझ यांच्या पद्धतीत 0.1 मिलिलिटर द्रव सशाच्या एका डोळ्याच्या खालच्या पापणीत घालतात, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. एकूण गुण 110. त्यातले 80 एकट्या कॉर्नियाचे, 10 आयरिसचे, 20 पापणीच्या आतल्या पातळ त्वचेचे. पुढे साऱ्या जगानं उचलली ती हीच पद्धत. निरीक्षणाचा काळ वाढत 21 दिवसांवर गेला. 21 दिवसांत डोळा पूर्ववत झाला तर 'दाह', नाही झाला तर 'गंभीर इजा'.

आता 1971 मध्ये या. तुमच्या हातात एक शोधनिबंध आहे. लिहिणारे दोघं: कॅरल वाइल आणि रॉबर्ट स्काला. यातले वाइल त्याच पिट्सबर्गच्या गटातले. संख्याशास्त्राचा माणूस. दोघांनी साधा पण धाडसाचा प्रश्न विचारला. तेच पदार्थ, तीच पद्धत, दोन डझनभर प्रयोगशाळा. सगळ्यांचे गुण जुळतात का?

जुळत नाहीत. एका प्रयोगशाळेला जो पदार्थ निरुपद्रवी वाटला तोच दुसरीला अतिशय दाहक वाटला. पुन्हा वाकून बघणाऱ्या त्या माणसाकडे जा. 'पडदा किंचित धुरकट' आणि 'पडदा धुरकट' यांच्यामधली रेघ कुठे ओढायची? एकाची नजर सरावलेली, दुसऱ्याची नवी. एकाकडे दिवा प्रखर, दुसऱ्याकडे मंद. एका सशानं पंजानं डोळा चोळला, दुसरा निमूट बसला. वाइल आणि स्काला यांनी निष्कर्ष आडपडदा न ठेवता लिहिला: या पद्धती आहेत तशा नव्या नियमांत प्रमाण म्हणून घालू नयेत. ज्या गटाच्या नावावर तो पहिला मोठा तक्ता होता त्याच गटातल्या माणसानं हे लिहावं, याचं मला फार मोल वाटतं. नियमांनी मात्र ऐकलं नाही. ड्रेझ चाचणी चालू राहिली, आणि 1981 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तिला 405 क्रमांकाचं सूत्र म्हणून छापलं. डोळ्यात भूल देणारे थेंब आणि अंगात वेदनाशामक नेहमी द्यावं, हे त्या सूत्रात आलं 2012 साली.

न्यूयॉर्कला फार थांबायला नको. 15 एप्रिल 1980, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते, असा सवाल. त्यामागे हेन्री स्पिरा, एके काळचे खलाशी आणि मग शाळाशिक्षक. वर्ष संपायच्या आत रेव्हलॉननं पर्यायी चाचण्या शोधण्यासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देऊ केले, आणि 1981 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच कामासाठी केंद्र उघडलं. लिपस्टिक आणि शाम्पू लोकांच्या घरात असतात, म्हणून लोक रस्त्यावर आले. पिंपातल्या सॉल्व्हंटसाठी कोणी मोर्चा काढला नाही.

आता भोपाळ. इथे तुम्हाला न्यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण मिथिल आयसोसायनेट हा काही सॉल्व्हंट नव्हे. पण तो रस्ता पिट्सबर्गहूनच येतो. कार्बाइडनं या रसायनाच्या विषारीपणाची तपासणी 1963 मध्ये आणि पुन्हा 1970 मध्ये याच मेलन गटाकडून करून घेतली होती. ते अहवाल नियतकालिकांत छापले गेले नाहीत. 1984 च्या 2 डिसेंबरची रात्र उलटून 3 तारीख लागली आहे, आणि कार्बाइडच्या इथल्या कारखान्यातून तेच रसायन हवेत सुटलं आहे. जयप्रकाश नगरात तुम्ही खोकत जागे होता. डोळ्यांत कोणी मिरच्यांची धुरी दिल्यासारखी आग, तेच शब्द पुढे शेकडो लोक सांगणार आहेत. दार उघडता तर बाहेर पांढरट धुकं आणि धावणारी माणसं. हमीदिया रुग्णालयाच्या आवारात लोक एकमेकांचा खांदा धरून येतायत, पापण्या सुजून बंद झालेल्या. डॉक्टर विचारतायत, कसला वायू? कशानं उतरेल? त्यांच्यापर्यंत एवढंच येतं की हा डोळ्यांना झोंबणारा वायू आहे, पाण्यानं धुवा. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत हजारो माणसं मेली.

कुठल्यातरी प्राण्याच्या शरीरावर घेतलेली माहिती कागदावर होती. त्या आवारात ती नव्हती. चाचणी कशी करावी यावर आपण खूप वाद घालतो, घालायलाच हवा. पण चाचणीचं उत्तर कोणाच्या हातात पडतं, हा प्रश्न मला त्याच्याइतकाच मोठा वाटतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

1992 पाशी या. आता तुमच्यासमोर बर्फात ठेवलेलं भांडं आहे आणि त्यात क्षारद्रावणात बुडवलेले गाई-बैलांचे डोळे. ते आज सकाळीच कत्तलखान्यातून आले आहेत. जनावर मांसासाठी मारलेलं, डोळे एरवी फेकले गेले असते. गोतरों नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी यावर्षी ही पद्धत नीट बांधून छापली आहे. तुम्ही एकेक डोळा उजेडासमोर धरून पाहता. ओरखडा असलेला बाजूला. गढूळ असलेला बाजूला. चांगल्या डोळ्याची कॉर्निया भोवतालच्या पांढऱ्या कडेसकट कापून घ्यायची. ती बोटांवर घेतली की कळतं, ही किती मऊ आणि तरी किती चिवट आहे. मग ती दोन कप्प्यांच्या धारकात मधोमध बसवायची, दोन्हीकडे पोषक द्रव भरायचा आणि 32 अंश सेल्सियसला तासभर ठेवायचं. त्यानंतर पुढच्या कप्प्यात 750 मायक्रोलिटर सॉल्व्हंट. बरोबर 10 मिनिटं. धुवायचं, दोन तास थांबायचं.

आता तुम्हाला वाकून बघावं लागत नाही. कॉर्नियातून प्रकाश सोडतात आणि किती पार गेला ते यंत्र सांगतं. मग तेच जुनं फ्लुओरेसिन पुढच्या कप्प्यात घालून 90 मिनिटांनी मागच्या कप्प्यात किती झिरपलं ते मोजतात. गढूळपणाच्या आकड्यात झिरपलेल्या रंगाच्या आकड्याची 15 पट मिळवायची. बेरीज 3 किंवा त्याखाली आली तर चिंता नाही, 55 च्या वर गेली तर गंभीर इजा. 2009 मध्ये ओईसीडीनं या पद्धतीला 437 आणि कोंबडीच्या डोळ्यावरच्या पद्धतीला 438 क्रमांक दिला.

पण सॉल्व्हंट इथेही अडून बसतात. अल्कोहोल आणि कीटोन या चाचणीत खऱ्याहून जास्त वाईट ठरतात. 437 च्या सूत्रातच तशी सूचना लिहिलेली आहे. आणि खरं म्हणजे काय? सशाचा आकडा. नवी पद्धत खरी की खोटी हे ठरवायला हातात जुनेच तक्ते आहेत, तेच तक्ते ज्यांच्याबद्दल वाइल आणि स्काला यांनी 1971 मध्ये सावध केलं होतं. शिवाय 0.1 मिलिलिटर ही मात्राच माणसाच्या डोळ्याच्या मानानं फार. उडालेला शिंतोडा आपण क्षणात पापणी मिटून आणि आसवं काढून बाहेर टाकतो, सशाला ते तितकं जमत नाही. नव्या पद्धती नाकारणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की तुमचा फूटपट्टीवरचा विश्वास कशावर बसला आहे.

शेवटचा थांबा. 2015, 492 क्रमांकाचं सूत्र. बोटाच्या पेरात मावेल अशी प्लास्टिकची वाटी, तळाला जाळी, जाळीवर माणसाच्या पेशींचे काही थर, कॉर्नियाच्या वरच्या आवरणासारखे वाढवलेले. तुम्ही 50 मायक्रोलिटर द्रव टाकता, अर्धा तास ठेवता, धुता, भिजत ठेवता, मग दोन तास पेशींना सावरू देता. नंतर एमटीटी नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याच्या द्रावणात तीन तास. जिवंत पेशी पिवळ्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. तो जांभळा रंग काढून घ्यायला तुम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता, म्हणजे पुन्हा सॉल्व्हंटच. 60 टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत असतील तर द्रव डोळ्याला त्रासदायक नाही. त्याखाली गेल्या तर ही वाटी एकटी पुढचं सांगू शकत नाही: दाह की कायमची इजा? म्हणून 2022 च्या 467 क्रमांकाच्या सूत्रात दोन-तीन गोष्टी जोडल्या आहेत. शुद्ध द्रव असेल तर तो पाण्यात किती विरघळतो, तेलात किती मुरतो, वाफ किती होते असे भौतिक गुण, जोडीला पेशींची वाटी आणि गाईची कॉर्निया. सॉल्व्हंट बहुतेक याच गटात बसतात. मेलन इन्स्टिट्यूटमध्ये ज्या द्रवांसाठी ससे लागले त्यांच्यासाठीच आज सशाशिवाय उत्तर देता येतं.

भारतानं सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या 2014 मध्ये बंद केल्या. कारखान्यातली रसायनं त्या बंदीत येत नाहीत. ओईसीडीच्या सूत्रांनुसार केलेल्या चाचण्यांचे निकाल एकमेकांनी मानायचे, या करारात भारत 2011 पासून आहे, म्हणजे एका देशात एकदा झालेली चाचणी इथे पुन्हा करायची गरज नसावी.

आणि आता तळोजा, अंबरनाथ, तारापूर, लोटे, कुठलीही एमआयडीसी घ्या. आजची तारीख, दुपारची पाळी. तुमच्यासमोर 200 लिटरचं पिंप आहे. लेबलवर लाल चौकटीतली खूण: ॲसिटोनवर उद्गारचिन्ह आणि एच 319 हा संकेत, म्हणजे डोळ्याला तीव्र दाह, पण भरून येणारा. शेजारच्या नॉर्मल ब्यूटेनॉलवर हात खाणाऱ्या द्रवाची खूण आणि एच 318, म्हणजे गंभीर इजा. एका अंकाचा फरक, आणि तो फरक म्हणजे ते 21 दिवस. पिंपासोबत आलेला सुरक्षा माहितीचा कागद, सगळे त्याला एमएसडीएस म्हणतात, बहुधा ऑफिसच्या फायलीत आहे आणि इंग्रजीत आहे. कंत्राटी कामगाराला तो कोणी दाखवलेला नसतो. भोपाळनंतर 1987 साली कारखाने कायद्यात 41-ब हे कलम घातलं गेलं ते नेमकं यासाठी, की घातक पदार्थांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं मालकावर बंधनकारक असावं. तो कागद मराठीत, पिंपाच्या उंचीवर, भिंतीला लावलेला असणं हा उपकार नाही.

डोळ्यात उडालंच तर चोळू नका. पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटं डोळा धुवा. लेन्स घातली असेल आणि सहज निघत असेल तर ती धुता धुताच काढा. मग डॉक्टरकडे जा, आणि जाताना तो कागद घेऊन जा. त्याच्या दुसऱ्या भागात धोक्याचा वर्ग असतो, चौथ्यात प्रथमोपचार. अकराव्या भागात डोळ्याची नोंद असते, आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा अजूनही लिहिलेलं असतं: ससा.